पेशीच्या वेशीवरचे गणित

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात पेशीची आकृती काढताना पेशीपटलासाठी एक रेघ ओढली जाते. केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका यांना आकार मिळतो, रंग मिळतो. पटलाच्या वाट्याला ती रेघ आणि ‘निवडक्षम पारपटल’ हे विशेषण एवढेच येते. ही रेघ प्रत्यक्षात सुमारे पाच नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या वीस कोटीव्या भागाइतकी जाड असते. ती एकेरी नाही, दुहेरी आहे, हे हॉलंडमधील गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये सांगितले. तांबड्या रक्तपेशींतील मेद काढून त्यांनी तो पाण्यावर पसरला आणि त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरते असे दाखवले. त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या. मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशीचा पृष्ठभागही कमी धरला गेला होता. या दोन चुकांनी एकमेकींना खोडून काढले आणि निष्कर्ष बरोबर आला. विज्ञानाच्या इतिहासात अशी कृपादृष्टी क्वचितच लाभते.

इन्शुलिन असो, ॲड्रेनॅलीन असो वा शेजारच्या चेतापेशीने धाडलेला निरोप असो, बाहेरून येणाऱ्या बहुतेक संदेशांना प्रथम या वेशीवर थांबावे लागते. तेथील ग्राही प्रथिने निरोप घेतात, आतल्या बाजूला रासायनिक अभिक्रियांची साखळी सुरू होते आणि पेशी काय करायचे ते ठरवते. वेशीवरचा हा व्यवहार डोळ्यांना दिसत नाही. तो समजून घ्यायचा तर मोजमाप हवे आणि त्या मोजमापाला आकार देणारे गणितही हवे. या गणिताच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण गेल्या तीन दशकांत बंगळुरात लिहिले गेले. त्याची मुळे मात्र मुंबईत, कुलाब्याच्या समुद्रकिनाऱ्यावर आहेत.

पेशीपटलाला समीकरणात बांधण्याचा पहिला मोठा प्रयत्न केंब्रिजच्या हॉजकिन आणि हक्स्ली यांचा. माकुळाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून, पटलातून सोडियम आणि पोटॅशियमचे आयन किती वेगाने ये-जा करतात याची समीकरणे त्यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. ती सोडवण्याच्या वेळी विद्यापीठाचा संगणक उपलब्ध नव्हता. हक्स्ली यांनी हाताने दांडा फिरवायच्या गणनयंत्रावर आकडेमोड केली आणि क्षणार्धात विझणाऱ्या चेतासंदेशाचा आलेख काढण्यासाठी आठवडे खर्ची घातले. या कामाला १९६३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी पटलाचे जे चित्र मांडले, तेच आज बारावीपर्यंत शिकवले जाते. मेदाचा द्रवरूप थर आणि त्यात तरंगणारी प्रथिने, असे ते चित्र आहे. त्यात एक गृहीतक दडलेले होते. तरंगणारी प्रथिने आपापल्या गतीने इतस्ततः फिरतात, योगायोगाने भेटतात, योगायोगाने दूर होतात. पटल हा जणू शांत तलाव आहे आणि त्याची मांडणी कोणी करत नाही.

हे गृहीतक पुढे बंगळुरात तपासले गेले. तेथे ते कसे पोहोचले, याची वाट थोडी वळणाची आहे. होमी भाभा दुसऱ्या महायुद्धामुळे केंब्रिजला परतू शकले नाहीत आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभ जून १९४५ मध्ये त्याच आवारात झाला आणि त्याच वर्षी ती मुंबईला, पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली. कुलाब्याची वास्तू पुढे उभी राहिली. या संस्थेतील शास्त्रज्ञांनी स्वतः घडवलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये काम करू लागला होता. भौतिकशास्त्र आणि गणित यांच्या या घरात भाभांनी १९६२ मध्ये एका जीवशास्त्रज्ञाला जागा दिली. ओबेद सिद्दिकी हे त्यांचे नाव. अलीगढमध्ये शिकलेल्या, ग्लासगोत डॉक्टरेट मिळवलेल्या या तरुणाची शिफारस अणुशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी केली होती. गणितज्ञांच्या संस्थेत जीवशास्त्राचे काय काम, असा प्रश्न त्या काळी रास्तच वाटला असता. भाभांनी तो अडसर मानला नाही, हे त्यांच्या दूरदृष्टीचे लक्षण म्हणावे लागेल.

सिद्दिकी जीवाणूंकडून फळमाशीकडे वळले. अमेरिकेतील सेमूर बेन्झर यांच्याबरोबर त्यांनी उष्णता वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला. त्यांच्या चेतासंदेशांत होणारा बिघाड दाखवणारा त्यांचा लेख १९७६ चा आहे. जीवशास्त्राला स्वतंत्र केंद्र हवे हा त्यांचा आग्रह दीर्घकाळ चालला. अखेर १९९० च्या दशकाच्या आरंभी टाटा संस्थेचेच अंग असलेले नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस, म्हणजे ‘एनसीबीएस’, बंगळुरात सुरू झाले, आणि तेही प्रथम भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी जेथून भौतिकशास्त्र मुंबईला गेले, तेथेच मुंबईचे जीवशास्त्र परत आले. १९९८ मध्ये हे केंद्र कृषी विद्यापीठाच्या गांधी कृषी विज्ञान केंद्राच्या हिरव्या परिसरात स्थिरावले. आज नोकरीनिमित्त बंगळुरात राहणारे माजी विद्यार्थी विमानतळाकडे जाताना बेल्लारी रोडवरून ज्या झाडीजवळून जातात, तीच ही जागा.

सत्यजित मेयर १९९५ मध्ये या केंद्रात रुजू झाले. जन्म बडोद्याचा, रसायनशास्त्राचे शिक्षण पवईच्या आयआयटीत आणि पुढचे न्यूयॉर्कला. त्यांचे लक्ष पटलावरील एका विशिष्ट जातीच्या प्रथिनांकडे होते. ही प्रथिने पटलाच्या आरपार जात नाहीत. मेदाच्या एका लहानशा नांगराने बाहेरच्या थराला अडकून असतात. आतल्या कारभाराशी त्यांचा थेट संबंध नसल्यामुळे ती तलावावर मोकळी तरंगत असावीत, असे मानणे स्वाभाविक होते. त्याच सुमारास, १९९७ मध्ये, काय सिमन्स आणि एलिना इकोनेन यांनी पटलात कोलेस्टेरॉलयुक्त मेदाचे ‘तराफे’ असतात आणि काही प्रथिने त्यांवर गोळा होतात, अशी कल्पना मांडली. कल्पना आकर्षक होती, पण तराफे कोणी पाहिले नव्हते. सूक्ष्मदर्शकाला दिसावेत एवढे ते मोठे नव्हते.

मेयर आणि त्यांचे विद्यार्थी रजत वर्मा यांनी दृष्टीऐवजी प्रकाशाच्या एका गुणधर्माचा आधार घेतला. चमकणाऱ्या रंगद्रव्याचा रेणू विशिष्ट दिशेने कंप पावणारा प्रकाश शोषतो आणि बऱ्याच अंशी त्याच दिशेचा प्रकाश परत देतो. मात्र काही नॅनोमीटरच्या आत तसाच दुसरा रेणू असेल, तर पहिला आपली ऊर्जा त्याला देऊन टाकतो आणि परत येणाऱ्या प्रकाशाची दिशा विस्कटते. किती विस्कटली ते मोजले की शेजारी किती जवळ आहेत ते कळते. अंधारात गप्पांच्या आवाजावरून माणसे किती जवळ बसली आहेत याचा अंदाज घ्यावा, तसेच हे. १९९८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ही प्रथिने विखुरलेली नाहीत. सत्तर नॅनोमीटरहून लहान अशा क्षेत्रांत ती एकत्र येतात आणि कोलेस्टेरॉल काढून घेतले की ही मांडणी मोडते.

परंतु त्याच वर्षी अमेरिकेतील ॲन केनवर्दी आणि मायकेल एडिडिन यांनी तशाच तऱ्हेच्या प्रथिनांवर प्रयोग करून जवळजवळ उलट निष्कर्ष काढला. त्यांची मोजमापे प्रथिनांच्या स्वैर विखुरणीशी जुळत होती. दोन्ही गट सचोटीचे, दोन्ही पद्धती मान्य, आणि उत्तरे परस्परविरोधी. अशा वेळी बहुतेक वाद प्रतिष्ठेच्या तराजूत तोलले जातात आणि भारतातील एका नव्या केंद्राचे पारडे तेथे जड भरण्याची शक्यता नव्हती. मेयर यांनी तो तराजू टाळला आणि भौतिकशास्त्रज्ञाची मदत घेतली.

हे भौतिकशास्त्रज्ञ म्हणजे मदन राव, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या बंगळुरातीलच रामन संशोधन संस्थेचे. आणखी एक साहाय्य मुंबईहून आले. प्रकाशाची दिशा नॅनोसेकंदाच्या अंशांत कशी बदलते हे मोजण्याची विद्या टाटा संस्थेतील जी. कृष्णमूर्ती यांच्या गटाकडे होती. या तिघांचा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा लेख २००४ मध्ये ‘सेल’ नियतकालिकात आला. मोजमाप आणि सैद्धांतिक प्रतिमान एकमेकांवर घासून त्यांनी ठरवले की या प्रथिनांपैकी २० ते ४० टक्केच पुंजक्यांत असतात. उरलेली एकटी फिरतात. पुंजकाही किती मोठा? फार तर चार रेणूंचा. मोठे तराफे शोधणाऱ्यांना ते सापडत नव्हते, कारण तेथे तराफे नव्हतेच, दोन-चार जणांच्या जोड्या-टोळ्या होत्या. बहुसंख्य रेणू एकटे असल्याने ज्या पद्धतीत सर्वांची सरासरी निघते, तिला सगळेच स्वैर दिसत होते. वादाचा निकाल एका पक्षाच्या विजयाने लागला नाही. प्रश्नाचे माप बदलल्याने लागला.

खरी कोडी येथून पुढे सुरू झाली. रसायनशास्त्रात गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ मध्ये सांगितलेला वस्तुमान क्रियेचा नियम आहे. रेणू योगायोगाने भेटून जोड्या करत असतील, तर गर्दी वाढली की जोडीत असलेल्यांचे प्रमाण वाढते आणि गर्दी ओसरली की ते घटते. पेशीपटलावर तसे होत नव्हते. प्रथिनांची संख्या पुष्कळ कमी-जास्त केली, तरी पुंजक्यातील आणि एकट्या रेणूंचे प्रमाण तेच राहिले. पंढरीच्या वाटेवरचे उदाहरण घेतले तर हे सहज ध्यानी येईल. रस्त्यावर योगायोगाने एकमेकांशेजारी आलेली माणसे गर्दीनुसार वाढतात वा घटतात. दिंडी मात्र कोणीतरी जमवलेली असते. विणेकरी आणि चोपदार तिला एकत्र राखतात. वारकरी कमी आले तर दिंड्या कमी होतात, पण दिंडीत चालणाऱ्यांचा वाटा फारसा बदलत नाही. तेव्हा पटलावर चोपदाराचे काम कोण करते?

देबांजन गोस्वामी, कृपा गौरीशंकर आणि सहकाऱ्यांचा २००८ चा लेख या प्रश्नाचे उत्तर देतो. पटलाच्या लगेच आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असते. स्नायूंत आढळणारे मायोसिन तेथेही असते आणि ऊर्जा खर्च करून ते हे तंतू ओढते. या यंत्रणेत व्यत्यय आणला की पुंजके विस्कटतात. म्हणजे तलाव शांत नाही; तळाशी कोणीतरी सतत ढवळत आहे. समतोलाचे नियम या ठिकाणी लागू पडत नाहीत, कारण जिवंत पेशी क्षणोक्षणी ऊर्जा खर्चून ही मांडणी टिकवते.

राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेला समीकरणे दिली. आखूड, सतत घडणारे आणि मोडणारे तंतू मायोसिनच्या ओढीने ताऱ्याच्या आकारात जमतात. तंतूंना धरणारे रेणू ताऱ्याच्या मध्याकडे ओढले जातात. तारा मोडला की ते सुटतात. २०११ च्या एका लेखात या गटाने थेट रासायनिक अभिक्रियांकडे मोर्चा वळवला. दोन रेणूंना अभिक्रियेसाठी भेटायचे असेल, तर नुसते भटकत राहण्यापेक्षा अशी क्षणिक जमवाजमव किती उपयोगी पडते, आणि ती जमवाजमव किती काळ टिकावी, याचा हिशेब त्यांनी केला. वेशीवरचा निरोप किती लवकर आणि किती खात्रीने आत जाईल, हे पटलाखालच्या या हालचालीवर अवलंबून असू शकते, असा त्याचा अर्थ.

प्रतिमानाची परीक्षा ते जुन्या मोजमापांशी जुळते की नाही यात फारशी होत नाही. जुळवून घेणे कोणत्याही चतुर गणितीला जमते. परीक्षा होते ती कोणी न केलेल्या प्रयोगाचे भाकीत करण्यात. २०१२ च्या लेखातील भाकीत असे होते, की प्रथिन कोणत्याही जातीचे असो, त्याला ॲक्टिन धरण्याचा हात दिला की ते पुंजक्यांत येईल. बंगळूरच्या प्रयोगशाळेत तसे कृत्रिम प्रथिन घडवले गेले आणि ते पुंजक्यांत आले. त्याचा हात काढून घेतल्यावर ते विखुरले. त्याच वर्षी मेयर यांना इन्फोसिस पारितोषिक मिळाले. पुढे २०१३ पासून दहा वर्षे ते या केंद्राचे संचालक होते.

एक अडचण उरली होती. ही प्रथिने बाहेरच्या थराला अडकलेली, ॲक्टिन आतल्या बाजूला. मग ओढ पोहोचते कशी? २०१५ मध्ये याचे उत्तर मिळाले आणि त्यात संगणकाचा वाटा मोठा होता. मेदाचा एकेक रेणू संगणकात मांडून, त्यांच्या परस्पर ओढीचा क्षणाक्षणाचा हिशेब करून असे दिसले की आतल्या थरातील फॉस्फॅटिडिलसेरीन या मेदाच्या लांब शेपट्या बाहेरच्या थरातील लांब शेपट्यांत गुंततात. दोन थर एकमेकांना हात देतात. जिवंत पेशींवरील प्रयोगांनी याला दुजोरा दिला. २०१६ मध्ये तर पेशी बाजूला ठेवून, काचेवर मेदाचा थर पसरून, त्यावर शुद्ध ॲक्टिन आणि मायोसिन घालून या गटाने तेच तारे आणि तीच जमवाजमव घडवून दाखवली.

मदन राव पुढे एनसीबीएसमधील सिमन्स केंद्रात आले. या केंद्राचे नाव तराफ्यांच्या सिमन्स यांच्यावरून नाही, तर अमेरिकन गणितज्ञ जेम्स सिमन्स यांनी पत्नीसह स्थापन केलेल्या प्रतिष्ठानावरून आहे. हा योगायोग अनेकांची फसगत करतो.

याच केंद्रात दुसरी एक वाट जवळपास त्याच वेळी निघाली होती. उपिंदर भल्ला १९९६ मध्ये येथे आले ते मेंदूचे संगणकीय प्रतिमान करण्याचा अनुभव घेऊन. चेतापेशींच्या गणनेसाठी कॅलिफोर्नियात तयार झालेल्या ‘जेनेसिस’ या संगणक प्रणालीच्या कर्त्यांपैकी ते एक. न्यूयॉर्कमधील रवी अय्यंगार यांच्याबरोबरचा त्यांचा लेख जानेवारी १९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. पेशीतील संदेशमार्ग तोवर एकेकटे अभ्यासले जात. भल्ला यांनी प्रयोगशाळांच्या शेकडो लेखांत विखुरलेले अभिक्रियांचे दर गोळा केले आणि मार्ग एकमेकांना जोडून संगणकात चालवले. पटलावरील ग्राहीने वाढीचा निरोप घेतला की आत एक साखळी सुरू होते. तिच्या ओघात पटलातील मेदाचा तुकडा तोडणारे विकर जागे होते. तो तुकडाच संदेशवाहक बनून साखळीच्या आरंभाला पुन्हा चेतवतो. वेस ही अशी कोठारही ठरते. या फेऱ्याचा परिणाम असा, की निरोप अल्पकाळ टिकला तर साखळी विझते. पुरेसा जोरदार आणि पुरेसा काळ टिकला तर निरोप थांबल्यावरही ती चालू राहते. दिव्याच्या बटणासारखी दोन स्थिर अवस्था असलेली ही व्यवस्था कोणत्याही एका रेणूत नव्हती. ती त्यांच्या जोडणीतून उपजली होती. स्मृतीचे रासायनिक बीज अशा बटणात असू शकेल, ही शक्यता या लेखाने गंभीरपणे विचारात घ्यायला लावली.

या पद्धतीवरचा आक्षेपही खरा आहे. शंभर दर वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून, वेगवेगळ्या प्राण्यांच्या पेशींतून, काही तर परीक्षानळीतून आणलेले. त्यांची मोट बांधून मिळालेल्या उत्तरावर किती विसंबावे? भल्ला यांच्या गटाने यावर दिलेले उत्तर पारदर्शकतेचे आहे. प्रतिमानांतील प्रत्येक आकडा आणि तो कोठून आला याची नोंद असलेला खुला संग्रह त्यांनी २००३ मध्ये जाहीर केला. ‘मूस’ ही त्यांची संगणक प्रणालीही सर्वांसाठी मोफत आहे. मराठी कानाला हे नाव सोनाराच्या मुशीची आठवण करून देईल. मूळ नाव इंग्रजी आद्याक्षरांचे आहे, पण मराठी अर्थही शोभतो.

दुसरी अडचण आकाराची. चेतापेशींच्या सांध्यावरील लहानशा कळीचे आकारमान घन मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाएवढे असू शकते. विश्रांतीच्या वेळी पेशीत कॅल्शियमची जी तीव्रता असते, तिच्या हिशेबाने एवढ्या जागेत मोकळे आयन भरतात सुमारे सहा. सहा आयनांना सरासरीचे नियम काय लावणार? एक आला-गेला तरी तीव्रता सहाव्या भागाने बदलते. २००४ मध्ये भल्ला यांनी अशा सूक्ष्म जागेतील संदेशवहनाचे प्रतिमान मांडले आणि मोठ्या भांड्यात नीट चालणारी व्यवस्था तेथे योगायोगाच्या धक्क्यांनी डगमगते, हे दाखवले. पुढच्याच वर्षी आर्नोल्ड हायर यांच्यासह त्यांनी पटलावरील ग्राहींच्या ये-जेचा हिशेब केला. ग्राही पटलावर येतात, काही काळाने आत ओढले जातात, नवे येतात. तरीही त्यांची एकूण संख्या उंच वा नीच पातळीवर स्थिर राहू शकते. वर्गातील मुले दरवर्षी बदलतात आणि वर्ग भरलेलाच असतो, तसे. माणसाची बालपणीची आठवण ज्या रेणूंत नोंदली गेली, ते रेणू केव्हाच नष्ट झालेले असतात. मग आठवण कशी उरते, या प्रश्नाला या प्रतिमानाने एक संभाव्य वाट दाखवली. २०१७ चे इन्फोसिस पारितोषिक भल्ला यांना मिळाले.

सिद्दिकी यांचे निधन २०१३ मध्ये बंगळुरात झाले. त्यांच्या फळमाश्या मात्र तेथील काचेच्या बाटल्यांत आजही वाढतात. माशीच्या डोळ्यात प्रकाश पडला की पटलातील एक विशिष्ट मेद तुटतो आणि दृष्टीचा संदेश सुरू होतो. पाहत राहायचे तर तो मेद पुन्हा घडवावा लागतो. तुटणे आणि घडणे हे बंद वर्तुळ आहे, असे पुस्तकांत लिहिलेले असे. रघू पडिंजाट यांच्या प्रयोगशाळेतील मोजमापे घेऊन संदीप कृष्ण आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या वर्तुळाची समीकरणे मांडली. बंद वर्तुळाचे गणित उत्परिवर्तित माश्यांतील मेदांच्या प्रमाणांशी जुळेना. वर्तुळात कोठून तरी भर पडते आणि कोठून तरी गळती होते असे धरले, तेव्हाच आकडे जुळले. ती भर कोठून आणि ती गळती कोठे, हा प्रश्न समीकरणांनी पुन्हा माश्यांच्या बाटल्यांकडे सोपवला.